आईच्या ओठांवरचा शब्द

नवव्या दिवशी आई बोलायला लागली, पण ती काय बोलते ते कुणालाच कळेना.

गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवलेली होती. सगळा श्वास त्या नळीतूनच आत जायचा आणि नळीतूनच बाहेर पडायचा, आवाजाच्या वाटेला काही येतच नव्हतं. ओठ मात्र हलत होते. ताई पलंगाच्या कठड्यावर वाकून सुचेल ते विचारत होती. “पाणी हवंय? पाय दुखतोय? पांघरूण काढू?” आई दर वेळी मान किंचित हलवून नाही म्हणायची. सिस्टरने अक्षरांचा तक्ता आणून समोर धरला, तर आईचं बोट ‘क’ पाशी थरथरलं, कुठेतरी मध्येच घसरलं आणि चादरीवर पडलं. मग तिने डोळे मिटून घेतले. मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षं शिवण शिकवलं होतं. उलट्या बाजूने टाके घातलेला तुकडा एखादीने पुढे केला, की ती अशीच डोळे मिटून घ्यायची.

ताई बाहेर येऊन खुर्चीवर बसली. फोनवर दोन निरोप वाट बघत होते. धाकट्याचा होता: “आज कशी आहे?” आणि भाऊचा, रोजच्यासारखाच दोन शब्दांचा: “मी येऊ?”

आईला दाखल केलं त्या दिवशी कागदावर एकाच नातेवाइकाचं नाव लिहायचं होतं. डॉक्टर बोलतील ते त्या एकाशी, आत जायचं ते त्या एकाने, बाकीच्यांना काय सांगायचं तेही त्यानेच बघायचं. ताईने स्वतःचं नाव लिहिलं. तिच्याऐवजी दुसरं कुणी लिहील असं कुणाच्या मनातही आलं नाही. बाबा गेल्यापासून या घरातली प्रत्येक बातमी तिच्याच हातून जायची, आणि ज्याला जेवढं पेलेल तेवढंच ती वाढायची. धाकटा मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळत होता. पुढचं बंदर यायला अजून अठरा दिवस होते. भर समुद्रात त्याने काय करायचं होतं? म्हणून त्याला ‘सुधारणा आहे, हळूहळू’. भाऊला लहानपणीच्या तापापासून ऐकू येत नव्हतं. डॉक्टर काय म्हणतात ते त्याला परत समजावत बसण्याइतका जीव ताईमध्ये उरला नव्हता, म्हणून त्याला ‘ठीक आहे, संध्याकाळी बोलू’. ती संध्याकाळ नऊ दिवसांत उगवली नव्हती. आणि आईला, ‘छान आहे सगळं, दोन दिवसांत घरी जायचंय’.

खरं काय ते एकट्या ताईला ठाऊक होतं. ते पोटात घेऊन ती नऊ दिवस या खुर्च्यांच्या रांगेत बसली होती.

अकराच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने ताईच्या मुलीएवढ्या, पण आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या.

“फुप्फुसं थोडी सावरलीत,” त्या म्हणाल्या, “पण किडन्यांनी काम सोडलंय. डायलिसिस करावं लागेल. या वयात, या अवस्थेत ते सोसेलच असं नाही. सोसलं तरी पुढे किती दिवस मशीनवर राहतील, सांगता येत नाही. नाही केलं तर चार-पाच दिवस. उद्या सकाळपर्यंत ठरवा.”

“मी ठरवू?”

“खरं तर त्यांनीच ठरवायला हवं. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.”

“पण ती काय म्हणते तेच कळत नाही हो.”

सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन चालली होती. ती जाता जाता म्हणाली, “तुमच्यात कुणाला ओठ वाचता येत असते तर बरं झालं असतं बघा.”

नऊ दिवसांत हे ताईला एकदाही सुचलं नव्हतं. भाऊ आत येऊन काय करणार, असंच ती धरून चालली होती.

*

भाऊ काम करायचा ते चष्म्यांचं दुकान हॉस्पिटलपासून तीन रस्ते पलीकडे होतं. पुढे काचेची कपाटं, मागच्या खोलीत भिंगं घासायची मशीनं. काउंटरवर भाऊची बायको बसायची. तिचं बोलणं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईने ओळखलं होतं आणि तिचं नाव मैना ठेवलं होतं. ‘एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला थांबता येत नाही, जोडा छान जमलाय,’ असं आई चारचौघांत म्हणायची आणि सगळ्यात जोरात मैनाच हसायची.

आज मैना हसली नाही. ताईला दारात बघून ती उभी राहिली आणि, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, तिला शब्द सापडला नाही.

मागे भाऊने मान वर केली. ताई हॉस्पिटल सोडून, भर दुपारी, स्वतःच्या पायांनी इथे आली होती. त्याने मशीन बंद केलं. बोटांवरचा पांढरा गाळ न पुसताच तो पुढे आला.

“गेली?” त्याने विचारलं. त्याचा आवाज सपाट होता, नेहमीसारखाच. त्या आवाजात चढउतार नसायचे.

“नाही! नाही रे!” ताईने त्याचे दंड धरले. “आहे. जागी आहे. बोलतेय.”

भाऊने डोळे घट्ट मिटले आणि उघडले. बाबा गेले तो दिवस ताईच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तेव्हा सगळ्यांना फोन गेले होते. भाऊला फोन करून उपयोग नव्हता, म्हणून ‘त्याला नंतर सांगू’ असं ठरलं आणि गडबडीत ते नंतर राहूनच गेलं. संध्याकाळी तो कामावरून घरी आला, तेव्हा बैठकीत शेजारपाजारचे भरलेले आणि मधोमध बाबा. स्मशानात न्यायची वेळ झाली होती, एवढंच त्याच्या वाट्याला आलं. त्याने कधी तक्रार केली नाही. ताईला तो विसरला असावा असंच वाटत आलं होतं.

“नऊ दिवस, ताई,” मैनाला आता शब्द सापडले. “नऊ दिवस हे रोज संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. ताई बोलवेल म्हणून. आणि तुमचं येतं ‘उद्या बघू’. त्यांच्या कानांना ऐकू येत नाही, हो. पण आई त्यांचीही आहे ना?”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणता, पण…”

“मैना,” भाऊ म्हणाला. तो तिच्या ओठांकडे बघत होता. “नंतर भांड.” मग ताईकडे वळून, “सगळं सांग. हळू. इकडे, उजेडात ये.”

ताई खिडकीजवळ उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. फुप्फुसं, नळी, किडन्या, उद्या सकाळ. नऊ दिवसांत पहिल्यांदाच ती हातचं न राखता बोलत होती. भाऊने मध्ये एकदाही डोळे हलवले नाहीत. सांगून झाल्यावर त्यानेच तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

*

आत एका वेळी एकच माणूस, असा नियम होता. सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, “दोघं जा. मोठ्या डॉक्टरांची फेरी तीनला असते.” मैना दाराच्या काचेला नाक लावून बाहेर उभी राहिली.

भाऊला बघताच आईचा चेहरा बदलला. ताईने तो बदल पाहिला आणि तिला मनातून लागलं, कारण तिच्या येण्याने नऊ दिवसांत असं काही झालं नव्हतं. भाऊ पलंगाशी वाकला. आईने ओठ ओले केले आणि बोलायला सुरुवात केली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

असं बोलायची तिला सवयच होती. भाऊ अडीच वर्षांचा असताना डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने शाळेतून वर्षभराची रजा घेतली होती. रोज सकाळी आरशासमोर त्याला मांडीवर घेऊन बसायची. स्वतःचा गाल फुगवून दाखवायची, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायची, एका शब्दासाठी आठ-आठ दिवस घालवायची. ताई तेव्हा नऊ वर्षांची होती. आपली वेणी घालायला आईला वेळ नाही, म्हणून ती स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली. त्या आरशासमोर नेमकं काय चाललं होतं ते तिला आज कळत होतं. जगात कुणाचे नसतील इतके आईचे ओठ भाऊला पाठ होते.

“काय म्हणते?” ताईने त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं.

भाऊने मागे वळून पाहिलं. “पुरे.”

ताईने तोंडावर हात धरला. मशीनचा टिकटिकाट चालूच होता. पुरे. म्हणजे आईनेच ठरवून टाकलं होतं. तिला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही.

“थांब,” भाऊ म्हणाला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. “किंवा पुढे.”

“म्हणजे?”

“पुरे. पुढे.” त्याने दोन्ही शब्द आवाज न करता म्हणून दाखवले. “बघ. ओठ सारखेच. फरक जिभेचा. जीभ आत असते, दिसत नाही.”

ताईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खरंच, काही म्हणजे काही फरक नव्हता.

आईने पुन्हा डोळे मिटले होते. दमली होती. सिस्टरने दहा मिनिटं थांबा अशी खूण केली.

बाहेर मैना तयारच होती. तिने ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाली, “पुरेच म्हणाल्या असतील. काय ते हाल! हातांना सुया, गळ्याला नळी. मी असते तर मीही पुरेच म्हटलं असतं.”

“तू असतीस ते सोड,” ताई म्हणाली. “आईचा स्वभाव माहीत आहे ना? कंबरेचं हाड मोडलं तेव्हा चौथ्याच आठवड्यात काठी टाकून दिली तिने. ती पुरे म्हणणारी नाही. पुढे म्हणतेय ती. पुढे करा, जे काय असेल ते करा.”

“तुम्हाला तसं हवंय म्हणून, ताई.”

“आणि तुला सुटका हवीय म्हणून!”

शब्द गेला तो गेला. मैनाचा चेहरा पांढरा पडला. गेली सहा वर्षं आईला अंघोळ घालत होती ती मैना, ताई नव्हे. कंबर मोडली तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली तीही मैनाच. ताईला हे सगळं माहीत होतं. तिने मैनाच्या हाताला हात लावला आणि मैनाने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

भाऊ दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. त्याने सगळं वाचलं होतं.

“तुम्ही दोघी आईचं बोलत नाही,” तो म्हणाला. “आपापलं बोलताय. मी परत विचारतो. दुसरा शब्द वापर म्हणून सांगतो तिला.”

दहा मिनिटांनी तो आत गेला. ताई मागे उभी राहिली. भाऊने आईचा हात हातात घेतला. “आई, कळलं नाही मला. आणखी शब्द दे.”

आईच्या डोळ्यांत किंचित हसू आल्यासारखं झालं. आरशासमोर हजार वेळा तिने त्याला हेच म्हटलं असेल, कळलं नाही, परत म्हण. तिने ओठ जुळवले. या वेळी वाक्य लांब होतं. तिला दोनदा थांबावं लागलं.

भाऊ सरळ झाला. त्याने वळून ताईकडे पाहिलं, आणि त्याच्या त्या सपाट आवाजातही काहीतरी हललं.

“ती म्हणते, पुढे काय? मला कुणी काही सांगत का नाही?”

ताई आईच्या ओठांकडे बघत राहिली.

“ती काही ठरवत नव्हती, ताई. विचारत होती. सकाळपासून.” तो थांबला. “तिला काय सांगितलंयस?”

“दोन दिवसांत घरी जायचंय म्हणून,” ताई म्हणाली. स्वतःचंच वाक्य तिला लाज आणत होतं. “घाबरेल रे ती. खरं कसं सांगायचं?”

“न सांगितलं की जास्त भीती वाटते,” भाऊ म्हणाला. “मला विचार.”

*

डॉक्टरीणबाई आल्या. भाऊने त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की मास्क खाली घ्या, मला तुमचं तोंड दिसत नाही. त्यांनी दोन पावलं मागे सरून मास्क हनुवटीवर ओढला. मग पलंगाच्या पायाशी उभं राहून, आईच्या नजरेला नजर देऊन, सकाळी ताईला सांगितलं होतं तेच सगळं आईला सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. ताई आईच्या तोंडाकडे बघत होती, आता कोसळेल, आता कोसळेल म्हणून. आई कोसळली नाही. एखाद्या मुलीने कापड बेतलंय ते नीट बेतलंय का हे बघावं, तसं लक्ष देऊन ती ऐकत होती.

मग तिने विचारलं आणि भाऊने ते आवाजात आणलं. “दुखेल का?”

“सुई टोचताना थोडं. नंतर थकवा येईल.”

“न केलं तर?”

“गुंगी वाढत जाईल. त्रास होऊ नये याची काळजी आम्ही घेऊ.”

“घरी?”

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर भाऊकडे आणि मग आईकडे पाहिलं. “मला नाही वाटत, आजी.”

आई छताकडे बघत राहिली. सिस्टर सलाईनची पिशवी बदलायला आली होती, ती हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली. शेवटी आईचे ओठ हलले आणि भाऊ वाकला.

“दोनदा करून बघा,” भाऊ एकेक शब्द सुटा करून सांगत होता. “जमलं तर जमलं. नाही तर ओढू नका. नुसतं जिवंत ठेवायला म्हणून काही करू नका. हे माझं मी सांगतेय. मुलांवर टाकू नका.”

“लिहून घेते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

ताईला वाटलं संपलं. पण आईची नजर आता तिच्यावर होती. भाऊने वाचलं. “धाकट्याला काय कळवलंयस?”

“सुधारणा आहे म्हणून,” ताई म्हणाली. नऊ वर्षांची पोर बोलावी तसा तिचा आवाज आला.

आईने ओठ हलवले. भाऊला हसू फुटलं आणि ते त्याने दाबलं. “ती म्हणते, मोठी शहाणीच आहेस.”

मग आईने आणखी काहीतरी म्हटलं आणि या वेळी भाऊ लगेच बोलला नाही.

“काय म्हणाली?”

“म्हणते, दमली असेल पोर. एकटीच वाहत बसली.”

ताईने कठडा धरला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ती रडली. नऊ दिवसांचं रडली. मैनाने काचेतून ते पाहिलं आणि नियम बाजूला ठेवून सरळ आत आली. कुणी तिला अडवलं नाही. तिने पदराने ताईचं नाक पुसलं, जसं आईचं पुसायची.

*

चार वाजता बोटीवर फोन लागला. चित्र सारखं तुटत होतं. धाकटा इंजिनखोलीतून वर आला होता, कपाळाला तेलाचा पट्टा होता. ताईने फोन आईसमोर धरला, भाऊ शेजारी उभा राहिला. आधी ताई बोलली. “मी तुला खोटं सांगितलं,” इथून सुरुवात करून तिने सगळं सांगितलं. धाकटा रागावला. “मी काय कुकुलं बाळ आहे का?” असं तो ओरडला, आणि मग त्याला आई दिसली आणि तो गप्प झाला.

आई बोलली, भाऊने ऐकवलं. हातातलं काम टाकून धावत येऊ नकोस. वेळेवर जेव. तुझ्या लेकीला मी शिवायला शिकवणार होते, ते आता मैना शिकवेल. आईचे शब्द भाऊच्या त्या सपाट, अवघड आवाजात भर समुद्रात पोचत होते. धाकट्याने लहानपणी त्या आवाजाची गल्लीत नक्कल केली होती आणि त्यासाठी आईचा मार खाल्ला होता. आज तो फोनच्या पडद्याशी वाकून एकेक शब्द टिपत होता. “परत सांग, भाऊ,” तो मध्येच म्हणाला. “तुटलं. परत सांग.” भाऊला त्याचं तोंड चित्रात नीट दिसेना, म्हणून ताईने वळून ते त्याला सांगितलं.

डायलिसिस दोनदा झालं. पहिल्यांदा आईला बरं वाटलं. एक पूर्ण दुपार ती भाऊशी बोलत राहिली, इतकं की सिस्टरला पुरे म्हणावं लागलं. भाऊ रोज संध्याकाळी येऊन बसायचा. सगळ्यांना लिहायचं कामही आता त्यानेच घेतलं होतं. त्याचे निरोप लहान असायचे: ‘आज ताप आहे. खाल्लं नाही. माझ्याशी सहा वाक्यं बोलली.’ ते वाचून काय वाटायचं ते ज्याचं त्याने वाटून घ्यायचं होतं. दुसऱ्यांदा रक्तदाब इतका उतरला की अर्ध्यातच थांबवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन नुसती मान हलवली. आईचं लिहून घेतलेलं होतंच. कुणी कुणाला काही विचारलं नाही, कुणी कुणाशी भांडलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारच्या उन्हात, आई गेली. ताई एका बाजूला होती, भाऊ दुसऱ्या बाजूला, मैना पायाशी. आदल्या सकाळपासून आई गुंगीतच होती.

ताईने बोटीवर फोन लावला. एका घंटीतच उचलला गेला.

“किती वाजता?” धाकट्याने विचारलं.

“दोन वाजून दहा मिनिटांनी.”

पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग त्याचा आवाज आला, बारीक झालेला. “शेवटी काही म्हणाली का गं? माझ्याबद्दल? भाऊने वाचलं असेल ना काहीतरी?”

वाक्य ताईच्या जिभेवर तयार होतं. तुझंच नाव घेतलं रे, बस, तुझंच. एवढं एक वाक्य, आणि समुद्रावरच्या त्या पोराला आयुष्यभर पुरलं असतं. तिने समोर पाहिलं. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तिच्या ओठांकडे बघत होता.

“नाही रे,” ताई म्हणाली. “काही म्हणाली नाही. झोपेतच गेली.”

“बरं,” धाकटा म्हणाला. “फोन ठेवू नकोस एवढ्यात.”

तिने ठेवला नाही.